कत्तलखान्याचं सांडपाणी आणि देवनळाचे वाफे: तालुक्याच्या गावाला जमेल का?

मांजराकाठ | सोमवार, रात्री ९:१०

नमस्कार मंडळी. आमचं तालुक्याचं गाव लातूर जिल्ह्यात. गावाबाहेर ओढ्याच्या कडेला पालिकेचा जुना कत्तलखाना आहे. शेळ्या-मेंढ्या रोज, म्हशी बाजाराच्या दुसऱ्या दिवशी. काम पहाटे चारला सुरू होतं आणि उजाडेपर्यंत आवरत येतं. मग फरशी धुतात आणि ते सगळं पाणी उघड्या नालीतून ओढ्यात जातं. ओढा पुढे मांजरेला मिळतो. पावसाळ्यात ते वाहून जातं म्हणून कुणी बोलत नाही. फेब्रुवारीनंतर ओढ्याला दुसरं पाणीच नसतं. जे वाहतं ते एवढंच, आणि त्याच्या काठावर विहिरी आहेत. २०१६ च्या उन्हाळ्यात मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलेला हा जिल्हा. इथे ओढाभर पाणी असं नासवणं मला सहन होत नाही.

आता पालिकेत प्रक्रिया प्रकल्पाची चर्चा सुरू झाली आहे. एक प्रस्ताव ब्लोअरवर, म्हणजे पाण्यात हवा सोडणाऱ्या विजेच्या पंख्यावर, चालणाऱ्या यंत्रणेचा आहे, दुसरा कन्स्ट्रक्टेड वेटलँडचा. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: तळाला अस्तर घातलेला खड्डा, त्यात खडी-वाळूचे थर, वर देवनळ, पाणकणीस, कर्दळ अशी पाण्यातली झाडं. सांडपाणी थरांमधून झिरपतं आणि खडीवर वाढलेले जिवाणू त्यातली घाण खातात. मुळं त्या जिवाणूंना जागा देतात आणि थर मोकळा ठेवतात. जर्मनीत १९५० च्या दशकात केथे झायडल यांनी यावर काम सुरू केलं. आपल्याकडे नागपूरच्या नीरी या पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेने याच तत्त्वावर फायटोरिड विकसित केलं आहे.

माझं मत आधीच सांगतो. वेटलँड आपल्याकडे चालेल. ऊन भरपूर आहे, खडी जागेवर मिळते, विजेचा भरवसा नाही, या तिन्ही गोष्टी त्याच्या बाजूच्या. पण कत्तलखान्याचं पाणी म्हणजे घरगुती सांडपाणी नाही. रक्त आणि चरबी वाफ्यापर्यंत पोचली तर वाफा वर्षभरात मरतो. म्हणून खरा प्रकल्प कत्तलखान्याच्या फरशीवर सुरू व्हायला हवा, आणि दोन्ही प्रस्तावांत फरशीबद्दल एक ओळ नाही. जाणकारांनी लिहावं.

---

भालेवाट | सोमवार, रात्री ९:४२

महत्त्वाचा विषय. आमच्याकडे बीडलाही हीच गत आहे. वाचतोय.

---

खडीवाळू | सोमवार, रात्री १०:३०

मी सांडपाणी प्रकल्पांच्या कामात आहे, बहुतेक यांत्रिक यंत्रणांच्या. मला वेटलँडबद्दल शंका आहे ती जागेची. घरगुती सांडपाण्याचा बीओडी, म्हणजे त्यातली घाण खायला जिवाणूंना लागणारा ऑक्सिजन, लिटरला २०० ते ३०० मिलिग्रॅम असतो. कत्तलखान्याचा सहज हजाराच्या वर जातो, दोन-तीन हजारही असतो. त्यात चरबी, केस, पोटातला चारा, शेण. एवढा भार खडीच्या वाफ्यावर टाकायचा तर किती जमीन घेणार?

शिवाय मेक्सिकोतल्या हिडाल्गो राज्यात एका पालिकेच्या कत्तलखान्यावर हा प्रयोग झालेला आहे. आधी गाळ बसवायची टाकी, मग अनॅरोबिक (हवेविना कुजवणारं) तळं, मग वेटलँड. २००४ च्या सुमारास त्याचे निष्कर्ष छापून आले. बीओडी सुमारे नव्वद टक्के कमी झाला, तरी बाहेर पडलेलं पाणी तिथल्या मर्यादेत बसलं नाही. नव्वद टक्के ऐकायला छान वाटतं, पण दोन हजाराचे नव्वद टक्के गेले तरी दोनशे उरतात. तेवढं तर कच्च्या गटाराच्या पाण्यात असतं.

---

मांजराकाठ | सोमवार, रात्री ११:१५

खडीवाळू सर, तुमचा मुद्दा रास्त आहे आणि मला तोच धरून पुढे जायचं आहे. दोन हजार येतात कुठून ते बघू.

रक्ताचा बीओडी लिटरला दीड ते दोन लाख मिलिग्रॅम असतो. पंचवीस किलोच्या बोकडातून साधारण लिटरभर रक्त बाहेर येतं, म्हणजे एका बोकडामागे दीडशे ते दोनशे ग्रॅम बीओडी. एक माणूस दिवसाला ४०-५० ग्रॅम सोडतो. म्हणजे एका बोकडाचं रक्त नालीत गेलं की चार माणसांचं दिवसभराचं सांडपाणी गेल्यासारखं आहे.

समजा शंभर बोकडं आणि धुण्याचं पाणी २० हजार लिटर. शंभर लिटर रक्तातूनच १५ ते २० किलो बीओडी येतो, म्हणजे पाण्यात लिटरला ७५० ते १०००. तुमच्या दोन हजारांतला निम्म्याच्या आसपास भार नुसत्या रक्ताचा झाला! आणि ते रक्त फक्त शंभर लिटर आहे, पाच कॅन. पाच कॅन बाजूला काढायचे की वीस हजार लिटर पाणी शुद्ध करत बसायचं?

नायट्रोजनचं तर याहून वाईट. रक्तात अठरा-वीस टक्के प्रथिनं, म्हणजे लिटरमागे तीसेक ग्रॅम नायट्रोजन. शंभर लिटरचा तीन किलो. जिवाणूंना त्याचं नायट्रेट करायला एका ग्रॅमला साडेचार ग्रॅमच्या वर ऑक्सिजन लागतो. तीन किलोला तेरा-चौदा किलो. एवढा ऑक्सिजन वाफ्यात शिरवायचा तर नुसत्या त्यासाठी चार गुंठ्यांच्या वर वाफा लागेल. अनॅरोबिक टाकीने बीओडी उतरतो, नायट्रोजन उतरत नाही, त्याचा फक्त अमोनिया होतो. म्हणून रक्त वेगळं काढायला पर्याय नाही असं मी म्हणतोय.

---

पहाटपाळी | मंगळवार, दुपारी १:२०

मी याच धंद्यातला. आजा, बाप, मी, तिसरी पिढी. आमच्या कत्तलखान्यावर आजवर लई साहेब लोक आले, फोटो काढून गेले. पाणी कुठून येतंय आन् कसं येतंय हे आम्हाला कुणी इचारलं नाही. म्हणून लिहायलोय.

रक्त वेगळं काढता येतंय. बोकडाचं रक्त आम्ही काही जण धरतोच, रक्ती करायला लोक नेतात. पण सगळं जात नाही. गर्दीच्या दिवशी धरायला माणूस नसतो, मग नालीत सोडतात. रक्त काही मिनिटांत धरतंय, म्हणजे गोठतंय. गोठलं की खराट्यानं ओढून उचलता येतं. पण आमच्याकडं पद्धत अशी पडली, की गोठायच्या आत पाइप सोडायचा. पाण्याचा पाइप हातात आला की सगळं पाण्यानंच लोटतात. फरशीला उतार एकाच नालीकडं आहे. मग रक्त आन् पाणी एकच होणार, दुसरं काय!

दुसरी गोष्ट चरबीची. वजडी साफ करायला गरम पाणी लागतं. त्या पाण्यात चरबी पातळ होऊन जाते आन् पुढं नालीत थंड झाली की थर धरतो. आमच्या नालीच्या कडा हातानं खरवडल्या तर मेणासारखा थर निघतो. मुंडी-पाया भाजून धुतो त्या पाण्यात काजळी आन् जळके केस असतात, ते काळं पाणी सगळ्यात खराब. आन् पोटातला चारा! म्हशीच्या एका पोटातून टोपलं-टोपलं निघतं. तो खरं तर खत आहे, पण टाकायला जागा नाही म्हणून नालीतच जातो.

जागा द्या, टोपली द्या, दोन नाल्या करून द्या. आम्ही करतो. आम्हालाबी त्या वासात उभं राहायला आवडत नाही. आमची पोरं तिथंच हाताशी असतात.

---

मांजराकाठ | मंगळवार, दुपारी २:०५

पहाटपाळी भाऊ, तुमच्या या प्रतिसादासाठी तरी धागा काढल्याचं सार्थक झालं. तुम्ही सांगितलेलं सगळं प्रस्तावात जायला हवं. एक विचारतो: रक्ताच्या जागेला वेगळी नाली करून तिला झाकण ठेवलं, कापायच्या वेळी ते उघडं आणि धुवायच्या वेळी बंद, तर पहाटेच्या गडबडीत ते झाकण कुणी लावेल का?

---

पहाटपाळी | मंगळवार, दुपारी २:४०

झाकण नालीत ठेवलं तर कुणी वाकून लावणार नाही, खरं सांगतो. पाण्याच्या नळाशी जोडा. रक्ताची नाली बंद केल्याबिगर नळ सुरू होऊ नये असं काही करता आलं तर बघा. नाहीतर पाण्याची वेळ ठरवा. सहापर्यंत पाइप सुटणारच नाही, तवर खराटा आन् फावडं. सगळ्यांना एकच नियम असला तर भांडण होत नाही.

---

पशुवैद्यक_परभणी | मंगळवार, सायंकाळी ७:३०

पहाटपाळींची सूचना फार चांगली आहे. कोरडी सफाई आधी, पाणी नंतर, याने पाण्याचा वापरही पुष्कळ उतरतो.

माझ्या विषयातलं थोडं लिहितो. तपासणीत नाकारलेलं जनावर किंवा अवयव यातलं काहीही या साखळीत येता कामा नये. ते चुन्यासकट खोल पुरायचं किंवा जाळायचं. मेंढ्यांच्या यकृतात-फुप्फुसात पाण्याने भरलेल्या गाठी दिसतात, त्या हायडॅटिडच्या असतात. असा अवयव कुत्र्याने खाल्ला की कुत्र्याच्या आतड्यात पट्टकृमी वाढतो, त्याची अंडी विष्ठेतून बाहेर पडतात आणि पुन्हा मेंढीत किंवा माणसात जातात. आपल्याकडे कत्तलखान्याभोवती कुत्र्यांचे कळप असतात, ते याच टाकाऊ मालावर जगतात. म्हणून खताचा खड्डा, जाळीवरचा गाळ आणि वाफे हे सगळं कुंपणात हवं. कुंपण बहुतेक अंदाजपत्रकांत शेवटी असतं आणि पैसे कमी पडले की पहिलं गळतं. कृपया गळू देऊ नका.

वेटलँडमधून जंतू कमी होतात, संपत नाहीत. साल्मोनेला, ई. कोलाय, जंतांची अंडी यांचा विचार करता ते पाणी कोथिंबीर-पालकावर कधीच जाऊ नये. बांबू किंवा लाकडासाठी लावलेली झाडं ठीक. चाऱ्याला द्यायचं तर कापणीच्या बरेच दिवस आधी पाणी तोडायचं आणि ते पिकाच्या बुडाशीच द्यायचं.

---

काळी_रानातला | मंगळवार, रात्री ८:५५

ओढ्याच्या खालच्या अंगाला माझं रान आहे. म्हणजे मांजराकाठ यांच्या गावात नाही, पण असाच ओढा, असाच कत्तलखाना, जिल्हा नांदेड. एक गोष्ट कुणी लिहिली नाही, ती मिठाची.

कातडं टिकवायला मीठ लावतात. कातड्याच्या ढिगाखालून जे पाणी सुटतं ते खारं जहर असतं. ते याच नालीत जातं. आमच्या काळ्या जमिनीला घाण एकवेळ चालते, सोडियम चालत नाही. जमीन चोपण होते. पाऊस पडला की वर चिखलाचा पापुद्रा आणि वाळली की दगड. पाणी आत मुरत नाही, बी उगवत नाही. माझ्या बांधालगतची पट्टी अशी झाली आहे. जिप्सम टाकून, ताग गाडून ती परत आणायचा प्रयत्न चालू आहे, पण वर्षं जातात. देवनळ मीठ काढतं का?

---

मांजराकाठ | मंगळवार, रात्री ९:३०

नाही काढत दादा. कुठलंच वेटलँड मीठ काढत नाही, आणि ब्लोअरवाली यंत्रणाही काढत नाही. उलट आपल्याकडच्या उन्हाळ्यात ते दाट होतं. पाच गुंठ्यांचा हिरवागार वाफा मे महिन्यात दिवसाला दहा मिलिमीटर पाणी सहज उडवतो. पाच गुंठे म्हणजे पाचशे चौरस मीटर, त्यावर पाच हजार लिटर रोज हवेत. वीस हजार लिटर आत गेले तर बाहेर पंधराच येणार आणि मीठ तेवढंच राहणार. म्हणजे क्षार तिसऱ्या हिश्शाने वाढले. युरोपातली आकडेवारी जशीच्या तशी उचलली की ही गोष्ट निसटते.

उपाय एकच. कातड्यांची जागा छपराखाली, वेगळ्या ओट्यावर. ते खारं पाणी वेगळ्या उथळ हौदात वाळवायचं आणि उरलेलं मीठ गोळा करायचं. कातडं झटकलं तरी पुष्कळ मीठ कोरडं खाली पडतं, तेही झाडूनच उचलायचं. पाणी तुमच्यासारख्यांच्या रानाला द्यायच्या आधी त्याची विद्युतवाहकता (त्यावरून क्षार कळतात) आणि सोडियमचं प्रमाण दोन्ही तपासून घ्यायचं. नुसता बीओडीचा कागद पाहून होकार देऊ नका.

---

गोदातीर | मंगळवार, रात्री १०:१०

मुळात कत्तलखानेच का हवेत, हा प्रश्न कुणी का विचारत नाही?

---

संपादक | मंगळवार, रात्री १०:२५

गोदातीर, त्या विषयावर स्वतंत्र धागा काढता येईल. इथे चर्चा पाण्याची आहे. कायद्याने चालणारा, पालिकेच्या मालकीचा कत्तलखाना आणि त्याचं सांडपाणी एवढ्यापुरतंच सगळ्यांनी लिहावं ही विनंती.

---

देवनळ | बुधवार, सकाळी ११:००

मी अशा वाफ्यांच्या देखभालीचं काम केलं आहे, वसतिगृहाच्या आणि दूध संकलन केंद्राच्या सांडपाण्यावर. चरबीचा त्रास दुधातही असतो, म्हणून काही गोष्टी इथे लागू पडतील.

वाफे बंद पडण्याचं कारण जवळजवळ नेहमी एकच असतं, तुंबणं. पाणी वर साचायला लागलं, काळं पडलं, वास आला की समजायचं थराची भोकं बुजली. मग वरची वाळू काढून बदलायची, आणि तो खर्च कुणी धरलेला नसतो.

मराठवाड्यात नदीची वाळू मिळणं अवघड आणि महाग, म्हणून ठेकेदार क्रश सँड टाकतात. बेसाल्टची क्रश सँड चालते, पण धुतलेली हवी. न धुतलेल्यात दगडाची पीठासारखी भुकटी असते, ती पहिल्याच महिन्यात खाली बसून घट्ट होते. तपासायला प्रयोगशाळा लागत नाही. काचेच्या बरणीत वाळू आणि पाणी घेऊन हलवा, तासभर ठेवा. वर गाळाचा जाड थर दिसला की ट्रक परत पाठवा. मी असे ट्रक परत पाठवले आहेत, ठेकेदार चिडतो, चिडू दे.

अस्तराबद्दल: काळी माती पाणी धरते म्हणून अस्तर नको, असं कुणी म्हणालं तर ऐकू नका. ती उन्हाळ्यात भेगाळते. हातभर खोल भेगा पडतात आणि त्यातून सगळं विहिरीत. खालून मुरूम ठोकून जाड प्लास्टिकचं अस्तर घालायचं आणि त्याला खडी टोचू नये म्हणून वर-खाली जाड कापड.

लागवड मृगाच्या पावसावर करा. देवनळाचे गड्डे काठावरून आणायचे, दोन-तीन डोळे असलेले. पहिले दोन-तीन महिने पातळ केलेलं पाणीच द्यायचं. अमोनिया एकदम वाढला की कोवळे कोंब करपतात. कर्दळ दिसायला छान आणि लवकर वाढते, पण अशा तेज पाण्याला देवनळ जास्त टिकतो. पाणकणीस फोफावतं, मात्र त्याची मुळं उथळ राहतात. आणि डुकरं! मोकाट डुकरं एका रात्रीत वाफा उकरतात. डॉक्टरांनी लिहिलेलं कुंपण डुकरांसाठीही हवं.

डासांची भीती लोक घालतात. पाणी खडीच्या पृष्ठभागाच्या खाली राहिलं तर डास होत नाहीत. साचलं तर होतात, आणि साचलं म्हणजे वाफा तुंबला.

---

खडीवाळू | बुधवार, दुपारी १२:४५

ताई, छान माहिती. मी आता पुन्हा गणित करून पाहिलं. रक्त, चारा आणि चरबी फरशीवरच थांबली असं धरून.

वीस हजार लिटर, बीओडी अकराशेच्या आसपास, म्हणजे बावीस किलो. आधी जाळी, मग चरबीचा सापळा, मग कप्प्याकप्प्यांची अनॅरोबिक टाकी. आपल्या हवेत अशा टाकीत साठ-पासष्ट टक्के भार उतरतो, ऊन इथे फुकट काम करतं. उरले आठ किलो. उभ्या प्रवाहाचा वाफा, म्हणजे पाणी वरून सोडून खाली झिरपू देणारा, थंड देशांत दर चौरस मीटरला दिवसाला २०-२५ ग्रॅम सीओडीवर आखतात (सीओडी म्हणजे सगळी घाण रसायनाने जाळायला लागणारा ऑक्सिजन, तो बीओडीपेक्षा जास्त भरतो). उष्ण हवामानात ६० ते ७० पर्यंत जाता येतं, म्हणजे बीओडी तीसच्या आसपास. आठ किलोला पावणेतीन गुंठे. त्यापुढे नायट्रेट काढायला आडव्या प्रवाहाचा वाफा (पाणी एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे जाणारा), दोन गुंठे धरा. पाच गुंठ्यांत बसतं. फरशी न सुधारता थेट चाळीस किलो टाकले तर नुसते उभे वाफेच तेरा गुंठे, आणि तेही तुंबणार.

हे बघितल्यावर माझा जागेचा आक्षेप मी मागे घेतो. पण दोन अटी. चरबीच्या सापळ्यात गरम पाणी थेट जाऊ नये. गरम पाण्यात चरबी पातळ असते, ती सापळ्यातून निघून जाते आणि वाफ्यात जाऊन थिजते. वजडीचं पाणी आधी वेगळ्या हौदात निवू द्या. दुसरं, सगळं पाणी पहाटेच्या तीन-चार तासांत येतं. साठवण टाकी घेऊन ते दिवसभरात सहा-आठ वेळा थोडं थोडं सोडायला हवं. उभ्या वाफ्यात दोन पाळ्यांच्या मधल्या वेळात हवा आत शिरते, त्यावरच तो जगतो. जमिनीला उतार असेल तर सायफनवर वीज न वापरता हे होतं. आणि वाफे किमान दोन-तीन भागांत करा, एक चालू असताना दुसरा वाळू द्यायचा. वाळला की साचलेला चोथा कुजून थर मोकळा होतो.

तुमच्या संमतीपत्रात प्रदूषण नियंत्रण मंडळाने काय मर्यादा घातली आहे ते मात्र आधी वाचा. तिथे तीसचा बीओडी असेल तर दोन्ही टप्पे लागतीलच, एका वाफ्यावर भागणार नाही.

---

भालेवाट | बुधवार, दुपारी ३:१५

सणांचं काय? आखाडात आणि धुळवडीला रोजच्या कित्येक पट माल कापला जातो, श्रावणात जवळजवळ शून्य. बकरी ईदचे तीन दिवस वेगळेच. रोजच्या सरासरीवर आखलेला वाफा तेव्हा काय करेल?

---

देवनळ | बुधवार, दुपारी ४:००

श्रावणाची काळजी नको. महिनाभर कमी पाणी म्हणजे वाफ्याला विश्रांती, फक्त झाडं सुकणार नाहीत इतकं पाणी द्या, आणि तेव्हा पाऊसही असतो. दोन-तीन दिवसांचा जादा भार वाफा सोसतो, जर त्यात रक्त आणि चोथा नसेल तर. म्हणजे गर्दीच्या दिवशी फरशीचा नियम सैल करायचा नाही, उलट त्याच दिवशी माणसं वाढवायची. नंतर वाफे आळीपाळीने कोरडे ठेवायचे. सरासरी नाही, पण आखाडातला रविवार धरून टाकी बांधा.

---

पहाटपाळी | बुधवार, सायंकाळी ५:३०

ईदच्या तीन दिवसांत गल्लीगल्लीत, घरोघरी होतं, सगळं कत्तलखान्यावर येत नाही. त्यासाठी पालिकेनं जागा ठरवून तिथं खड्डे, भुसकट आन् गाडी ठेवली तर लोक नक्की ऐकतील. आमच्या जमातीचे मोठे लोक सांगतील, मी त्यांच्याशी बोलतो.

जमा केलेल्या रक्ताचं पुढं काय करायचं ते सांगा. कॅन भरून ठेवले तर दुपारपर्यंत वास सुटतोय.

---

मांजराकाठ | बुधवार, रात्री ९:००

भाऊ, मोठ्या कारखान्यात रक्त वाळवून त्याची भुकटी करतात, त्यात बारा-तेरा टक्के नायट्रोजन असतो. आपल्या आकाराला ते परवडणार नाही. आपल्याकडे लातूर-उदगीर भागात सोयाबीनचं भुसकट ढिगाने असतं. भुसकटाचा जाड थर, त्यावर रक्त, त्यावर पोटातला चारा, पुन्हा भुसकट, असा छपराखाली ढीग लावायचा. रक्तात नायट्रोजन फार आणि भुसकटात कर्ब फार, दोन्ही मिळून नीट कुजतं. रक्त त्याच सकाळी ढिगात गेलं पाहिजे आणि वर हातभर कोरडं भुसकट राहिलं पाहिजे, म्हणजे माशी बसत नाही. ढीग आतून चटका बसेल इतका तापायला हवा, तापला नाही तर पलटी द्यायची. जवळ साखर कारखाना असेल तर मळीचा चोथाही (प्रेसमड) चालतो.

---

पशुवैद्यक_परभणी | बुधवार, रात्री ९:४०

ढीग ५५ अंशांच्या वर काही दिवस टिकला पाहिजे आणि पलटी देताना बाहेरचा भाग आत गेला पाहिजे, तेव्हाच रोगजंतू मरतात. साधा लांब दांड्याचा थर्मामीटर घ्या, रोज लिहून ठेवा.

---

काळी_रानातला | गुरुवार, सकाळी ७:५०

ते खत मी विकत घेईन. मिठाचं पाणी त्यात मिसळत नसेल तर.

---

मध्यरात्र_पाळी | गुरुवार, सकाळी १०:२०

सगळं वाचलं. एक गोष्ट राहिली आहे, आणि ती माझ्यासाठी सगळ्यात मोठी आहे. अनॅरोबिक टाकी साफ कोण करणार?

आमच्या ओळखीतला एक तरुण अशाच एका टाकीत उतरला आणि वर आला नाही. कुठे, कुणाची टाकी, ते इथे लिहीत नाही. रक्त-मांसाच्या पाण्यातून हायड्रोजन सल्फाइड भरपूर निघतो. सुरुवातीला सडक्या अंड्याचा वास येतो, मग नाकच बधिर होतं आणि माणसाला वाटतं वायू गेला. वरून दुसरा वाचवायला उतरतो, तोही जातो. २०१३ च्या कायद्याने संरक्षण साधनांशिवाय माणसाला टाकीत उतरवणं गुन्हा आहे, तरी उतरवतात.

म्हणून आराखडा करतानाच टाकीच्या प्रत्येक कप्प्याला वरून गाळ ओढायची नळी ठेवा, जिथे सक्शन टँकर लावता येईल. टँकर तिथवर जाईल असा रस्ता ठेवा. झाकण एका माणसाला सहज उघडून आत उतरता येईल असं करूच नका. चरबीचा सापळा उथळ आणि उघडा ठेवा, वरून झाऱ्याने काढता येईल असा. ज्याला आत उतरावं लागेल अशी रचना कागदावर असेल तर ती मंजूर होता कामा नये.

---

खडीवाळू | गुरुवार, सकाळी ११:००

पूर्ण सहमत. निविदेत ही अट लिखित हवी. टँकरचा रस्ता आराखड्यातून सगळ्यात आधी गायब होतो, हे मी पाहिलं आहे.

---

मांजराकाठ | गुरुवार, रात्री १०:१५

मध्यरात्र_पाळी, तुमच्या माणसाबद्दल वाचून सुन्न झालो. तुमचा मुद्दा मी पहिल्या पानावर घेतो.

आज पालिकेत जाऊन बोललो. ब्लोअरवाला प्रस्ताव आणि वेटलँडचा प्रस्ताव यांची तुलना आतापर्यंत फक्त बांधकाम खर्चावर होती. मी म्हटलं, वीजबिल आणि माणसाचा पगार पाच वर्षांचा मांडा. आमच्याच भागात एका गावात ब्लोअर बसवल्यावर वर्षाच्या आत बंद पडलेले आहेत, बिल थकलं म्हणून. स्वच्छ भारत अभियान शहरी २.० मध्ये १ लाख लोकसंख्येखालच्या गावांसाठी वापरलेल्या पाण्याच्या व्यवस्थापनाचा घटक आहे, त्यात हे बसवता येईल का ते मुख्याधिकारी बघणार आहेत. फरशीचं काम मात्र पालिका आपल्या निधीतून आधी करू शकते: दोन उतार, दोन नाल्या, नळाची वेळ, कातड्यांचा ओटा, भुसकटाची शेड. यातल्या कशालाही प्रकल्प अहवालाची वाट बघायची गरज नाही. नाल्या वेगळ्या झाल्या की पाण्याचे नमुने घेऊ आणि त्या आकड्यांवर वाफा आखू. आज नमुना घेऊन आराखडा केला तर दुप्पट मोठा वाफा बांधला जाईल.

पहाटपाळी भाऊ, तुम्ही लातूरला येऊ शकाल का? फरशीचा नकाशा काढताना तुमच्यासारखा माणूस समोर हवा. आमच्या इथल्या खाटीक मंडळींशी आणि कुरेशी मंडळींशीही तुम्ही बोललात तर जास्त उपयोग होईल. माझ्या बोलण्याला ते मान डोलावतात, पण मनातलं सांगत नाहीत.

देवनळ ताई, मृगाच्या आत थोडी रोपं तयार ठेवायची म्हणतो. गड्डे कुठून घेऊ?

---

पहाटपाळी | गुरुवार, रात्री १०:५०

येतो. सोमवारी आमचा धंदा कमी असतो, सोमवार धरा. पहाटे चारलाच या कत्तलखान्यावर, दुपारी रिकामी फरशी बघून काही कळणार नाही.

---

देवनळ | शुक्रवार, सकाळी ९:३०

गड्डे विकत घेऊ नका. कालव्याच्या गळतीच्या जागी किंवा तलावाच्या पाणलोटाकडच्या काठावर देवनळ आपोआप वाढलेला असतो, पाटबंधारे खात्याला विचारून तिथून काढा. माती धुऊन आणा, नाहीतर जलपर्णीचे तुकडे सोबत येतात आणि मग ती वेगळी डोकेदुखी. आता काढले तर ओल्या गोणपाटात दोन-तीन दिवस टिकतील, लगेच पिशव्यांमध्ये लावा आणि कत्तलखान्याच्या पाण्यात दहापट साधं पाणी मिसळून त्यावरच वाढवा. जी रोपं त्यात तगतील तीच वाफ्यात लावायची.